निवृत्तीनंतर लगेच युरोपभर गाडीने: ग्रॅच्युइटी वापरावी की कर्ज काढावं?

प्रश्न: माझे मिस्टर येत्या ३१ जानेवारीला, ५८व्या वर्षी, खासगी कंपनीतून निवृत्त होत आहेत. पीएफचे साधारण ५८ लाख आणि ग्रॅच्युइटीचे १७ लाख मिळतील. मी अनुदानित माध्यमिक शाळेत १९९८ पासून शिक्षिका आहे, वय ५३, हातात महिन्याला ७८ हजार येतात. घरखर्च ५५ हजार. घर स्वतःचं, कर्ज काही नाही. म्युच्युअल फंडात १२ लाख आहेत आणि मुलाच्या लग्नासाठी ९ लाखांची एफडी आहे. गाडी भाड्याने घेऊन युरोप फिरायचं हे मिस्टरांचं फार वर्षांचं स्वप्न. माझ्या मे-जूनच्या सुट्टीत ४० दिवस, ॲमस्टरडॅम ते रोम, आठ देश असा बेत आहे. आमचा अंदाज ११ लाखांचा, त्यातले ३ लाख साठवले आहेत. उरलेले ८ लाख ग्रॅच्युइटीतून घ्यावेत, की पर्सनल लोन काढून माझ्या पगारातून हप्ते फेडावेत, म्हणजे निवृत्तीचा फंड शाबूत राहील? भाऊ म्हणतो, एवढ्या पैशात टूर कंपनीबरोबर दोनदा जाऊन याल. (एक वाचक, सांगली)

ताई, आधी उत्तर देतो, मग हिशेब. जरूर जा. पैसे ग्रॅच्युइटीतून घ्या, कर्ज काढू नका. मात्र ४० दिवस आणि आठ देश हा बेत तुमच्या ११ लाखांत बसत नाही. तो २४ दिवस आणि पाच देशांवर आणलात, तर १० लाखांत नीट बसतो.

कर्जाचा मुद्दा आधी निकाली काढू. ८ लाख, १२ टक्के, पाच वर्षं: हप्ता १७,७९६ रुपये. पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे २ लाख ६८ हजार जातील. आणि ज्या फंडाला हात लागू नये म्हणून हे करायचं, तो सुरक्षित ठेवींत फार तर आठ-सव्वाआठ टक्के मिळवणार, तेही करपात्र. बारा टक्क्यांनी पैसे घेऊन आठ टक्क्यांनी ठेवण्यात फंड शाबूत दिसतो, राहत नाही. दुसरं असं की पगारातून तुमच्या हातात खर्चानंतर २३ हजार उरतात. त्यातले जवळपास १८ हजार हप्त्यात गेले, तर तुमच्या नोकरीची शेवटची पाच वर्षं, म्हणजे बचतीची सगळ्यात चांगली वर्षं, एका सहलीच्या नावाने लिहिली जातील.

आता ग्रॅच्युइटीतून काढलेले पैसे पुढे नडतील का? तुमचं उत्तर बहुतेक घरांपेक्षा वेगळं आहे आणि त्याचं कारण तुमची नोकरी. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी अनुदानित पदावर नेमणूक झाली असल्याने तुम्हाला जुनी पेन्शन लागू होते: शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाईभत्ता. पुढची पाच वर्षं तुमच्या पगारात घर चालतं, त्यानंतर पेन्शन सुरू होते. म्हणजे ७५ लाखांच्या रकमेवर उद्यापासून चूल पेटवायची वेळ तुमच्यावर नाही. दोघांपैकी कुणालाच पेन्शन नसती, तर याच पत्राला मी वेगळं उत्तर दिलं असतं.

काही जण तुम्हाला सांगतील की १० लाख ८ टक्क्यांनी २० वर्षं ठेवले तर ४६ लाख ६० हजार होतात. गणित बरोबर आहे. पण महागाई ६ टक्के धरली, तर त्या ४६ लाखांची किंमत आजच्या साडेचौदा लाखांएवढी भरते. म्हणजे सहलीची खरी किंमत दहाऐवजी साडेचौदा लाख, आणि ती तुम्हाला झेपते. दुसऱ्या पारड्यात हेही टाका की आल्प्सच्या घाटांतून रोज अडीचशे किलोमीटर गाडी चालवणं ५८व्या वर्षी जमतं, ते ६८व्या वर्षी तसंच जमेल याची खात्री नाही. वयाबरोबर प्रवासविम्याचा हप्ता चढतो, आणि काही कंपन्या ठरावीक वयानंतर गाडी द्यायलाही कां-कूं करतात. सहल पुढे ढकलणं फुकट नसतं.

पण निघण्याआधी दोन कामं झालीच पाहिजेत, आणि यांत मी कसलीही सवलत देणार नाही.

पहिलं, मेडिक्लेम. मिस्टरांचा कंपनीचा ग्रुप विमा निवृत्तीबरोबर संपेल. पत्रात त्यांच्या बीपीच्या गोळीचा उल्लेख आहे. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, त्यामुळे ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, हे एचआरला नोकरीत असतानाच विचारा. दोघांसाठी किमान दहा लाखांचं संरक्षण हवं. युरोपात घालवलेल्या चोवीस दिवसांपेक्षा इथली पुढची तीस वर्षं जास्त जोखमीची आहेत.

दुसरं, सीनियर सिटिझन्स सेव्हिंग स्कीम. साठीच्या आत ती मिळत नाही असा समज आहे. पण ५५ ते ६० या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम हाती पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यात पैसे ठेवता येतात, कमाल ३० लाख. ८.२ टक्के दराने धरलं तर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये आले, तर तुमची तीन महिन्यांची मुदत नेमकी मे-जूनमध्ये, तुम्ही युरोपात असताना संपेल. खातं एप्रिलमध्येच उघडा. परत आल्यावर निवांत बघू असं म्हणालात, तर साठी पुरी होईपर्यंत थांबावं लागेल. लग्नाच्या एफडीला आणि म्युच्युअल फंडाला हात लावू नका.

आता अकरा लाखांचं बघू. मी युरो १०५ रुपयांचा धरून तुमचाच बेत पुन्हा मांडला. विमानाची तिकिटं दोघांची १ लाख ४० हजार; शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालतो त्याची) फी माणशी ९० युरो, सेवाशुल्क धरून दोघांचे २३ हजार; विमा १५ हजार. इथपर्यंत तुमचं-माझं जुळतं. फरक पुढे पडतो. ३९ रात्रींना सरासरी ११० युरो धरले, तर मुक्कामाचेच साडेचार लाख. रोजचं दोघांचं जेवणखाण ५५ युरोंत, म्हणजे २ लाख ३१ हजार. तिकिटं, डोंगरावरच्या रेल्वे, संग्रहालयं मिळून ८४ हजार. पेट्रोल सहा हजार किलोमीटरला साधारण ७२ हजार, टोल आणि पार्किंग ७९ हजार. गाडीचे मी २ लाख ९४ हजार धरले, तुम्ही त्याच्या निम्मे. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडण्याचं वेगळं शुल्क लागतं, ते ४०० युरो धरा. बेरीज १४ लाख ३० हजारांवर जाते, आणि अडीअडचणीसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली की साडेपंधरा.

पेट्रोल आणि टोल मिळून दीड लाख, आणि मुक्काम-जेवण पावणेसात लाख. किलोमीटर कमी करून फारसं वाचत नाही, रात्री कमी करून वाचतं.

गाडीचा आकडा दुप्पट कसा झाला तेही सांगतो. तुम्ही संकेतस्थळावर दिसलेला रोजचा ३५ युरोंचा दर धरलात. तो दर हाताने गिअर टाकायच्या गाडीचा आणि मूळ विम्यासकट असतो. आयुष्यभर डावीकडून गाडी चालवलेल्या माणसाला उजवीकडून जायचं, उजव्या हाताने गिअर बदलायचा आणि नेव्हिगेशन ऐकायचं, हे सगळं पहिल्याच दिवशी नको. ऑटोमॅटिक घ्या, ती महाग असते. मग काउंटरवर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. तिथला माणूस पासपोर्ट, मूळ भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय परवाना मागतो, आणि चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड. त्या कार्डावर हजार-दीड हजार युरो अडकवून ठेवले जातात, गाडी परत दिल्यावर ते सुटतात. पुढे तो विचारतो, जादा विमा हवा का? मूळ विम्यात नुकसानीचे पहिले हजार-दीड हजार युरो तुमच्या खिशातून जातात, आणि टायर, काच, गाडीचा खालचा भाग बहुधा त्यात धरलेलाच नसतो. इटलीतल्या अरुंद पार्किंगमध्ये चाकाची रिम घासली की शेकडो युरोंचं बिल येतं. म्हणून मी पूर्ण विम्यासकट रोजचे ७० युरो धरले. किल्ली हातात आली की गाडीभोवती एक चक्कर मारून आधीच्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढून ठेवा.

पत्रात मिस्टरांकडे फक्त डेबिट कार्ड असल्याचं लिहिलंय. मला या बेतातली सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते. तुमच्या नावाचं कार्ड तिथे चालणार नाही, कारण गाडी ते चालवणार. पगाराची स्लिप हातात असताना क्रेडिट कार्ड सहज मिळतं, निवृत्तीनंतर बँका तेच कार्ड एफडी ठेवून द्यायला लागतात. त्यांनी याच महिन्यात अर्ज करावा, मर्यादा तीन लाखांची तरी मागावी. आंतरराष्ट्रीय परवाना सांगलीच्या आरटीओत हजार रुपयांत निघतो आणि वर्षभर चालतो.

मी सुचवतो तो मार्ग म्युनिकला सुरू होऊन म्युनिकलाच संपतो, त्यामुळे गाडी दुसरीकडे सोडण्याचं शुल्क वाचतं. साल्झबुर्ग, स्लोव्हेनियातलं ब्लेड आणि लुब्लियाना, मग व्हेनिसबाहेरचं मेस्त्रे, टस्कनी, कोमो, ल्युसर्न, ब्लॅक फॉरेस्ट आणि परत. मुख्य रस्ता दोन हजार किलोमीटरच्या आसपास, इकडेतिकडे धरून तीन हजार. गाडी स्लोव्हेनियात नेणार हे बुकिंग करतानाच सांगा. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात ठरावीक दिवसांचा विन्येट म्हणजे रस्तेकराचा पास मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये फक्त वर्षाचा, ४० फ्रँकचा, मग तुम्ही तीन दिवस राहा की तीनशे. तिथे रात्री तीनच ठेवा, मुक्काम फार महाग पडतो. इटलीत अंतराप्रमाणे टोल.

इटलीत एक सांभाळा. फ्लोरेन्स, पिसा, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, वेशीवर कॅमेरे असतात. दर प्रवेशाला ८० युरोंच्या पुढे दंड होतो, वर तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीची कंपनी वेगळं शुल्क लावते. नोटीस काही महिन्यांनी सांगलीच्या घरी येते. तुम्ही फ्लोरेन्समध्ये निवडलेलं हॉटेल भर जुन्या शहरात आहे. ते बदला, किंवा गाडीचा नंबर आधी नोंदवून घेतात का ते हॉटेलला लेखी विचारा. मी तर टस्कनीतल्या एखाद्या शेतघरात चार रात्री राहा म्हणेन. स्वयंपाकघर असतं, गाडी अंगणात लागते, आणि फ्लोरेन्सला ट्रेनने जाता येतं.

या बेताचा खर्च: विमान, व्हिसा, विमा १ लाख ७३ हजार, गाडी १ लाख ७६ हजार, पेट्रोल, टोल, पार्किंग ८८ हजार, २३ रात्री २ लाख ६६ हजार, जेवण १ लाख ३९ हजार, तिकिटं ६३ हजार. एकूण ९ लाख ५ हजार, राखीव धरून १० लाख. तुमचे ३ लाख आहेतच. ग्रॅच्युइटीतून ७ लाख घ्या आणि निघेपर्यंत लिक्विड फंडात (कधीही पैसे काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात) किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवा.

तरीही चाळीसच दिवस हवे असतील, तर रेनोसारख्या कंपनीकडून फ्रान्समध्ये नवी गाडी मुदतीच्या करारावर घेण्याचा मार्ग बघा. युरोपाबाहेरच्या पर्यटकांसाठी ती सोय आहे, विमा पूर्ण असतो आणि लांब मुदतीला ती भाड्याच्या गाडीपेक्षा परवडते. पण तेव्हाही वाढीव खर्चातला मोठा भाग मुक्काम-जेवणातच जाणार आणि चालक एकटाच. दोन दिवस कंबर धरली, तर गाडी उभी आणि हॉटेलं चालू. २४ दिवसांत विश्रांतीचे दिवस ठेवता येतात आणि सुट्टीचे दोन आठवडे घरासाठी उरतात.

भावाचं म्हणणं पैशापुरतं खरं आहे. बारा दिवसांची टूर तुम्हा दोघांना निम्म्या खर्चात होईल, आणि केवळ युरोप बघायचा असता, तर मीही तेच सांगितलं असतं. पण तुम्हाला बसच्या खिडकीतून बघायचं नाहीये, हवं तिथे थांबायचंय. एक बारीक फरक करातही आहे. टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, कापला जातो. तुम्ही हॉटेल आणि गाडी सुटी बुक केलीत, तर तो लागत नाही, आणि फॉरेक्स कार्डात (आधी परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डात) भरलेली रक्कम माणशी वर्षाला १० लाखांच्या आत असल्याने तिच्यावरही नाही.

रोजचा खर्च फॉरेक्स कार्डाने करा, युरो जानेवारीपासून थोडे थोडे घ्या. क्रेडिट कार्ड गाडीच्या अनामतीपुरतं, कारण त्यावर बहुधा साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाच्या व्यवहाराचं जादा शुल्क, आणि वर जीएसटी लागतो. कार्डाच्या मशीनने रुपयांत की युरोंत असं विचारलं, तर नेहमी युरो दाबा. व्हिसाचा अर्ज जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा असतो, तेव्हा आधी रात्री मोजा. बँक स्टेटमेंटमध्ये ग्रॅच्युइटीची मोठी रक्कम अचानक जमा झालेली दिसेल, तिच्यासाठी कंपनीचं पत्र जोडा, आणि तुमच्या शाळेचं रजेचं पत्र फेब्रुवारीतच मागून ठेवा.