३०० ओहमचा हेडफोन, ५४ हजारांचा ॲम्प आणि कार्डावरचे १८ हजार

मिरजेहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३१, नोकरी कोल्हापुरात, हातात पगार ५८,०००. रोज रेल्वेने जाऊन-येऊन. मावसभावाकडून सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन जुना पण ठणठणीत मिळालाय. फोनला हेडफोनचा जॅक नाही, म्हणून स्टेशनजवळून दोनशे रुपयांचं कन्व्हर्टर आणलं. त्यावर आवाज पूर्ण वाढवला तरी गाणं 'शेजारच्या घरातून आल्यासारखं' वाटतं. आता ५४,००० रुपयांचा बॅटरीवाला पोर्टेबल डॅक-ॲम्प मनात भरलाय, म्हणजे फोनमधल्या डिजिटल गाण्याचा आवाज करून तो हेडफोनसाठी वाढवणारी डबी. क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा 'नो कॉस्ट ईएमआय', दरमहा ४,५००. शेवटी लिहितात, 'मला दुसरं कुठलंही व्यसन नाही. घेऊ का?'

आधी उत्तर देते, कारणं मागून. हा ॲम्प आत्ता घेऊ नका. पण 'गाण्यावर पैसे घालू नका' असं मी म्हणत नाहीये. तुमच्या तक्रारीवर दीड-दोन हजारांत इलाज होतो, आणि ५४ हजार टाकूनही जी तक्रार उरेल तिचा ॲम्पशी संबंधच नाही.

तक्रार अशी की आवाज पुरत नाही. एचडी ६०० हा ३०० ओहमचा हेडफोन. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. 'तीनशे ओहम म्हणजे मोठा ॲम्प हवाच' असं तुम्हाला दुकानातही सांगितलं असणार. नुसत्या ओहमवरून हे ठरत नाही. किती व्होल्टला किती आवाज निघतो ते बघायचं. कंपनीचा आकडा आहे १ व्होल्टला ९७ डेसिबल. रात्री घरात शांतपणे ख्याल ऐकताना सरासरी आवाज ७० डेसिबलच्या आसपास असतो. तान किंवा तबल्याची थाप त्यावर वीसेक डेसिबल उसळते असं धरलं, तरी गाठायचे असतात ९०-९२. त्याला अर्ध्या व्होल्टच्या किंचित वर लागतं. वीज म्हणाल तर एक मिलिवॉट, फार तर सव्वा.

दोनशे रुपयांच्या कन्व्हर्टरमधून जेमतेम अर्धा व्होल्ट निघत असेल, तर तो बरोबर काठावर अडकतो. त्यात तुम्ही ऐकता जुनी ध्वनिमुद्रणं. आजकालच्या सिनेसंगीतासारखी ती ठासून भरलेली नसतात, मुळातच हळू असतात. म्हणून 'शेजारच्या घरातून'. १ व्होल्ट देणारा साधा, नीट बनवलेला डोंगल (तुमच्या कन्व्हर्टरसारखाच फोनला लावायचा छोटा जोड) लावलात तर अर्ध्या व्होल्टच्या मानाने ६ डेसिबल जास्त मिळतात. २ व्होल्टवाला लावलात तर १२. तुमच्या हेडफोनला २ व्होल्ट म्हणजे १०३ डेसिबल. तेवढा आवाज घरात कुणी लावत नाही. लावू नये, कानांसाठी.

एक छोटी सूचना. ॲपलचा डोंगल स्वस्त आणि गुणी आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर तो पूर्ण ताकद देत नाही, आवाज दबकाच राहतो. तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर दुसरा घ्या, परत करायची सोय ठेवून घ्या. आणि खरेदीच्याही आधी फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा चालू आहे का, गाण्याच्या ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं बटण चालू आहे का, ते बघा. हे फुकट आहे.

मोठा ॲम्प लागणारे हेडफोन असतात, नाही असं नाही. हायफायमनचा एचई-६ एका मिलिवॉटला ८३.५ डेसिबलच देतो, तो खरोखर वीज पितो. तो तुमच्याकडे असता तर हे उत्तर वेगळं झालं असतं.

आता रेल्वे. पत्रात तुम्ही लिहिलंय, 'रोजचे दोन तास सत्कारणी लागतील.' एचडी ६०० उघड्या पाठीचा हेडफोन आहे. जाळीतून आवाज बाहेर जातो, तसाच बाहेरचा आत येतो. जयसिंगपूरला चढलेल्या मंडळींच्या गप्पा, रुकडीच्या पुलावरचा खडखडाट, हातकणंगल्याला भेळवाल्याची हाक, सगळं तुमच्या यमनात मिसळणार. आणि तुमचा यमन शेजारच्याला ऐकू जाणार. ५४ हजारांचा ॲम्प हा खडखडाट एका डेसिबलनेही कमी करत नाही. मग माणूस आवाज वाढवतो, आणि तिथून कानांची वाट लागते. गाडीसाठी कानात घट्ट बसणारा वायरवाला इअरफोन घ्या, दोन ते चार हजारांत उत्तम मिळतात. तो १६-३२ ओहमचा असतो, कुठल्याही डोंगलवर सहज चालतो. एचडी ६०० घरी खुंटीला.

एचडी ६०० घरीच राहणार असेल तर 'पोर्टेबल' या शब्दाचे पैसे कशाला मोजायचे? खिशात मावणाऱ्या ॲम्पच्या किमतीत बॅटरी असते, ती चार्ज करणारं सर्किट असतं, छोट्या डबीत सगळं कोंबण्याची कारागिरी असते. तेवढीच ताकद टेबलावरच्या, भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये बरीच स्वस्त पडते. शिवाय लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० चार्जनंतर उतरायला लागते. रोज ऐकणाऱ्याच्या हातात ती दोन-तीन वर्षांत थकते. २०१७ साली मीही एक बॅटरीवाला ॲम्प घेतला होता, पहिल्या मोठ्या फीच्या आनंदात. तिसऱ्या पावसाळ्यात त्याची पाठ फुगली. दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं, बॅटरी सुटी मिळत नाही, आतला सगळा बोर्ड बदलावा लागेल. खर्च नव्या वस्तूच्या निम्म्याहून जास्त. अजून तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, फेकवत नाही. तेव्हा माझ्या सल्ल्यात थोडी पोळलेल्या जिभेची चव आहे, हे धरून चाला.

आता पैसे. तुमचे आकडे मी वहीत मांडले. घरखर्चाला २०,०००, स्वतःचा आणि प्रवासाचा १२,०००, दुचाकीचा हप्ता ३,४०० (अजून सात महिने), एसआयपी ५,०००. बेरीज ४०,४००. म्हणजे दरमहा १७,६०० रुपये उरायला हवेत. आणि त्याच पत्रात, खाली, जवळजवळ कंसात लिहिल्यासारखं, 'कार्डावर १८,००० बाकी आहेत, मिनिमम भरतोय.'

मी तिथेच थांबले. दरमहा साडेसतरा हजार उरणाऱ्या माणसाचं अठरा हजारांचं कार्ड थकतं कसं? पैसे कुठेतरी जातायत आणि ते तुमच्या यादीत नाहीत. हॉटेल असेल, मित्रांना दिलेले असतील, ऑनलाइन छोट्या-छोट्या खरेद्या असतील. मला ते काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. पण ज्या शिलकीच्या जोरावर तुम्ही '४,५०० काही जड नाहीत' म्हणताय, ती शिल्लक कागदावरच आहे. बँकेचं मागच्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा, पेन घ्या, प्रत्येक ओळीवर खूण करा. एका रविवारचं काम.

आणि त्या १८,००० वर व्याज साडेतीन टक्के महिना. म्हणजे ६३०, वर १८ टक्के जीएसटी, ७४३ रुपये. दर महिन्याला. तुमचा डोंगल दोन महिन्यांच्या या दंडात येतो. शिवाय बाकी थकलेली असताना कार्डाची बिनव्याजी मुदत मिळत नाही. पेट्रोल भरलंत, किराणा घेतलात, त्या दिवसापासून व्याज. ॲम्पचा हप्ताही दर महिन्याच्या 'मिनिमम'मध्ये पूर्णच्या पूर्ण मिळवला जाईल, तेव्हा ते मिनिममही मिनिमम राहणार नाही.

'नो कॉस्ट'चंही बघू. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट नसते, व्याज कुठल्या तरी दुसऱ्या नावाखाली वसूल होतं. आजची पद्धत अशी: बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधी देतो. तुमच्या बँकेचा १६ टक्के दर धरला तर ४,५०० च्या बारा हप्त्यांत मुद्दल साधारण ४९,६०० आणि व्याज ४,४०० बसतं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्या खिशातून, सुमारे ७९० रुपये. प्रोसेसिंग फी १९९ आणि तिच्यावरचा जीएसटी धरून एकूण हजारभर. रक्कम मोठी नाही, मान्य. पण दुकानात जाऊन 'रोख देतो, ती सूट मला द्या' म्हणून बघा. दिली, तर कळेल की फुकट दिसणाऱ्या हप्त्याची किंमत साडेपाच हजारांच्या घरात होती.

काही सल्लागार इथे दुसरा हिशोब घालतात: हेच ५४,००० बारा टक्क्यांनी तीस वर्षं ठेवले तर सोळा लाख होतील. गणित बरोबर आहे, पण मला ते पटत नाही. त्या हिशोबाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, तिथे राहून तुम्ही गाणं ऐकता. त्यासाठी ठेवलेले पैसे उधळपट्टीत मोजायला मी तयार नाही. मात्र खाँसाहेबांच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, ७८ आरपीएमच्या. त्यात जे टिपलंच गेलं नाही ते कुठलाही ॲम्प आणून देणार नाही. खरखर मात्र जास्त स्वच्छ ऐकू येईल.

मला खरी काळजी तुमच्या वडिलांची आहे. वय ६६, आणि ते तुमच्या कंपनीच्या विम्यात नाहीत, वेगळी पॉलिसीही नाही. अडीअडचणीसाठी बाजूला आहेत ७०,०००. घराचा महिन्याचा खर्च ३२ हजार धरला, तर सहा महिन्यांसाठी १,९२,००० हवेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तरी या वयात हप्ता भारीच बसतो. म्हणून तुम्ही ते टाळताय, हे मला न सांगताही कळलं. पण ॲम्पचे वर्षाचे ५४ हजार निघत असतील तर हप्ताही निघतो. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, आणि जुन्या आजारांसाठी किती वर्षं थांबावं लागतं ते दरांच्याही आधी विचारा.

तर मी तुमच्या जागी असते तर: त्या सत्तर हजारांतून १८,००० आजच काढून कार्ड शून्य केलं असतं. मग जे ४,५०० ॲम्पला द्यायची तयारी होती, त्यातले ३,००० अडीअडचणीच्या खात्यात आणि १,५०० 'गाणं' नावाच्या वेगळ्या खात्यात, पगार झाल्या दिवशी आपोआप. सात महिन्यांनी दुचाकी सुटली की ते ३,४०० वडिलांच्या विम्याकडे. तोपर्यंतचा विम्याचा हप्ता स्टेटमेंटवर सापडलेल्या गळतीतून. गाण्याच्या खात्यातून पहिल्या महिन्यात डोंगल, दोन-तीन महिन्यांनी गाडीसाठी इअरफोन. वर्षभरात तिथे १८,००० जमतात, त्यात दोन्ही बसून टेबलावरच्या छोट्या ॲम्पलाही हात लावता येईल. तोपर्यंत त्याची गरज वाटते का, तेही समजेल.

एवढं करूनही तो मोठा ॲम्प डोक्यातून गेला नाही, तर कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी उसना आणा. ऐकताना तो आणि डोंगल, दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा करा. थोडा जरी मोठा वाजला तरी तोच 'जास्त खुला' वाटतो, दुकानातल्या डेमोत बरेचदा हेच घडतं. भावाला वायर बदलायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा, दहा वेळा ओळखा. दहापैकी नऊदा ओळखलात तर पुन्हा लिहा, मी जुन्या बाजारात घासाघीस कशी करायची ते सांगेन. मात्र बाहेरून आणलेला, इथली वॉरंटी नसलेला नग घेऊ नका, आणि वापरलेला घेतलात तर बॅटरी किती तास टिकते ते स्वतः बसून मोजा.

कार्डाचं बिल ५ तारखेला भरायचंय म्हणता. ते आधी.