दोन्ही घरांत कोक बंद

प्रश्न : ताई, आम्ही जॉर्जियात, अटलांटाजवळच्या मॅरिएटाला राहतो, ट्रुइस्ट पार्क हे बेसबॉलचं स्टेडियम आमच्यापासून जवळच. 2021 च्या एप्रिलपासून आमच्या घरात कोक येत नाही. बायकोचं म्हणणं, इथे जॉर्जियात मतदानाचा नवा, कडक कायदा होत होता तेव्हा ही कंपनी गप्प बसली. गंमत म्हणजे शेजाऱ्यांकडेही तेव्हापासूनच बंद आहे, पण त्यांचा राग कंपनी नंतर बोलली याचा! जुलै 2025 मध्ये बेसबॉलचा ऑल-स्टार गेम (निवडक खेळाडूंचा सामना) इथे झाला, तेव्हा मुलाला घेऊन गेलो होतो. सहा-सहा बरोबरी, मग होमरन मारून निकाल, पोरगा खूश. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, “बाबा, मग 2021 मध्ये गेम इथून का नेला होता? तो कायदा रद्द झाला का?” मला उत्तर देता आलं नाही. – एक वाचक, मॅरिएटा

उत्तर : मुलाला सांगा, रद्द झाला नाही. एखाददुसरं कलम 2023 मध्ये न्यायाधीशांनी अडवलं, बाकी कायदा जागच्या जागी आहे. गेम गेला, गेम आला.

तुमच्या दोन घरांचं वाचून मी मोठ्याने हसले, पण ते अगदी तसंच घडलं होतं. 25 मार्च 2021 ला गव्हर्नर केम्प यांनी एस.बी. 202 वर, म्हणजे मतदानाच्या त्या कायद्यावर, सही केली. त्याआधी इथल्या मोठ्या कंपन्या गोलगोल बोलत होत्या, म्हणून कृष्णवर्णीय चर्चचे एक बिशप कोकवर बहिष्काराची भाषा करत होते. डेल्टा या विमान कंपनीने तर सही झाल्यावर आधी ‘विधेयक बरंच सुधारलं’ असा सूर लावला आणि 31 मार्चला त्यांचे प्रमुख म्हणाले, कायदा अस्वीकारार्ह आहे. कोकच्या प्रमुखांनीही तेच केलं. त्यावर ट्रम्प यांनी कोक, डेल्टा आणि बेसबॉल, सगळ्यांवरच बहिष्कार टाका म्हणून सांगितलं. वरातीमागून घोडं आणलं की दोन्हीकडच्या वऱ्हाड्यांच्या शिव्या खाव्या लागतात, त्यातला प्रकार.

मी ग्विनेट काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) पोल वर्करचं, म्हणजे मतदान केंद्रावरचं, काम करते. जून 2020 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, नवी मशीन्स, अपुरी माणसं आणि तासन्‌तासांच्या रांगा मी पाहिल्यात. त्यामुळे रांगेतल्या माणसाला केंद्रापासून 150 फुटांच्या आत कुणी पाण्याची बाटली द्यायची नाही, हे कलम वाचून माझंही डोकं तापलं होतं. कायद्याने आम्हाला एक सूट ठेवली आहे : कूलर भरून ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं. तो कूलर मी भरते. पण खरं सांगू? पाण्याचं कलम टीव्हीवर सांगायला सोपं, म्हणून सगळे पाण्यावरच बोलले. टपाली मतपत्रिकेसाठी ओळखक्रमांक मागण्यात मला फार वावगं वाटत नाही. शनिवारचं एक दिवस जास्त आगाऊ मतदान तर मला आवडलंच. मला खुपलं ते वेगळंच. 2020 मध्ये बायडेन इथे 11,779 मतांनी जिंकले, ‘मतं शोधा’ म्हणून ट्रम्प यांच्याकडून आलेल्या फोनला सेक्रेटरी ऑफ स्टेटने, म्हणजे राज्याच्या निवडणुका पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, दाद दिली नाही, आणि तीन महिन्यांत कायद्याने त्यांचंच राज्य निवडणूक मंडळाचं अध्यक्षपद काढून घेतलं. शिवाय त्या मंडळाला काउंटीचा निवडणूक कारभार तात्पुरता ताब्यात घेण्याची मुभा दिली. यावर किती लोकांनी कोक सोडला?

2 एप्रिलला बेसबॉलवाल्यांनी कायद्याच्या निषेधार्थ गेम इथून हलवला आणि तो डेन्व्हरला झाला. त्या वर्षी जानेवारीत अटलांटाचे थोर बेसबॉलपटू हँक ॲरन गेले होते, त्यांच्याच गावात त्यांना मानवंदना द्यायची होती. बरं, इथल्या डेमोक्रॅट नेत्या स्टेसी एब्रम्स आणि सिनेटर ऑसॉफ, दोघेही या कायद्याचे कट्टर विरोधक, आणि दोघांनाही बहिष्कार नको होता. कारण हॉटेलात चादरी बदलणारी बाई, स्टेडियमबाहेर गाडी लावून देणारा मुलगा, यांनी कायदा केला नव्हता. भुर्दंड मात्र त्यांना.

बहिष्कार वाया जातो असं मी म्हणत नाही. वर्णभेदाविरुद्ध मॉन्टगोमेरीत कृष्णवर्णीय लोक 381 दिवस बसमध्ये चढले नाहीत, पाय त्यांचेच झिजले. ॲरिझोनाचं उदाहरण तुमच्या मुलाला जास्त आवडेल. तिथल्या मतदारांनी 1990 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी नाकारली, म्हणून एन.एफ.एल. या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने 1993 चा सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, तिथल्या टेंपीतून काढून पॅसाडेनाला नेला. अट एकच, सुट्टी द्या. 1992 मध्ये मतदारांनी दिली, 1996 चा सुपर बोल टेंपीत झाला. (दोन्ही सामने डॅलसच जिंकलं, हा योगायोग.) जॉर्जियाला अशी अट कुणी घातलीच नाही. अमुक कलम काढा, गेम परत आणतो, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर निदान हिशेब मांडता आला असता.

बायकोला कोक सोडायचा तर खुशाल सोडू दे, तब्येतीला बरंच. तिला फक्त विचारा, काय झालं म्हणजे परत आणायचा? उत्तर असेल तर तो बहिष्कार, नसेल तर ती सवय. शेजाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारा, पण जरा बेताने.

प्रश्न : कंपनी सरकारविरुद्ध बोलली किंवा लोकांनी बहिष्कार टाकला, तर राज्य सरकार शिक्षा करू शकतं का? – एक विद्यार्थिनी, अथेन्स (जॉर्जिया)

उत्तर : मिसिसिपीतल्या पोर्ट गिब्सनमध्ये 1966 मध्ये गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पडला. दुकानदारांनी नुकसानभरपाई मागितली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1982 मध्ये निकाल लागला : राजकीय मागणीसाठीचा शांततामय बहिष्कार हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यच. तेव्हा बहिष्कार टाकणाऱ्यांच्या पाठीशी कायदा आहे. कंपनीच्या खिशाचं म्हणशील, तर ते वेगळं. डेल्टाचे प्रमुख बोलले त्याच दिवशी, म्हणजे 31 मार्चला, इथल्या हाउसने, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाने, विमानाच्या इंधनावरची करसवलत काढून घेण्याचं विधेयक मंजूर केलं. अधिवेशनाचा तो शेवटचा दिवस होता. सिनेटने ते हातीच घेतलं नाही, आणि मध्यरात्रीनंतर सगळे आपापल्या घरी गेले.