बारा आठवड्यांचा रिपोर्ट आणि ‘एकास बासष्ट’

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, बाराव्या आठवड्यातच कळले आहे की माझे बीपी वाढणार. मग आता पुढचे सहा महिने मी काय करायचे, वाट बघायची?” समोर बसलेल्या सत्तावीस वर्षांच्या गरोदर मुलीने एनटी स्कॅनचा, म्हणजे बाराव्या आठवड्याच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट टेबलावर ठेवला, तेव्हा त्यातल्या ‘हाय रिस्क’ या शब्दांखाली लाल पेनाने दोनदा रेघ मारलेली होती. सोबत आलेल्या सासूबाईंनी आल्याआल्याच सांगितले की, घरात अजून कोणाला बोललेलो नाही. तपासणीच्या वेळी पडद्यावर लाल आणि निळे ठिपके चमकले, म्हणजे आत रक्तस्राव होत असणार, असेही मुलीने मनाशी ठरवून टाकले होते.

रंगांचा उलगडा आधी केला, कारण ती भीती एका वाक्यात जाण्यासारखी होती. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, यंत्राच्या दिशेने येणारे रक्त सहसा लाल आणि दूर जाणारे निळे दाखवतात. त्याचा रक्तस्रावाशी काही संबंध नाही.

रिपोर्टवरच्या जोखमीच्या आकड्याला मात्र वेळ लागला. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान गर्भाशयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांमधला रोध मोजतात. वार (प्लॅसेंटा) नीट रुजते तेव्हा तिच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, पीळदार रक्तवाहिन्यांत शिरून त्यांना रुंद करतात, आणि हे काम अपुरे राहिले तर रोध जास्त राहतो. या मापाला आईचा रक्तदाब, रक्तातली वारेशी निगडित प्रथिने, वय, वजन आणि आधीचा इतिहास यांची जोड देऊन संगणक पुढे बीपीचा त्रास होण्याची जोखीम काढतो. एकट्या सोनोग्राफीवर हा अंदाज उभा नसतो, हे रिपोर्ट हातात देताना कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते निम्मा घोळ तिथेच होतो.

तिच्या रिपोर्टवर ‘एकास बासष्ट’ होते. मी कोऱ्या कागदावर बासष्ट ठिपके काढले आणि तिला एकाभोवती गोल करायला सांगितले. मग म्हटले, “तुमच्यासारखेच आकडे असलेल्या बासष्ट जणींपैकी साधारण एकीला सदतिसाव्या आठवड्याच्या आत प्रीएक्लॅम्प्सियामुळे प्रसूती करावी लागेल, उरलेल्या एकसष्ट जणींना नाही.” प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर वाढणारा रक्तदाब आणि त्याच्या जोडीने लघवीतून जाणारी प्रथिने किंवा इतर अवयवांवर झालेला परिणाम. तिने ठिपके एकदा स्वतः मोजून पाहिले.

“मग हाय रिस्क का लिहिले?” हा सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. एकास शंभर ही सीमा पुष्कळ ठिकाणी धरली जाते, आणि जोखीम तिच्याहून जास्त निघाली की उपाय करण्यात अर्थ असतो, एवढाच त्या शब्दांचा व्यवहारातला अर्थ. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ चाचणीत, जोखीम जास्त निघालेल्या स्त्रियांपैकी औषधविरहित गोळी घेणाऱ्या ४.३ टक्के जणींना सदतीस आठवड्यांच्या आत हा त्रास झाला, तर रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हे प्रमाण १.६ टक्के होते. गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर चांगली, म्हणून तर ही तपासणी इतक्या लवकर करतात. ‘रक्त पातळ करणारी गोळी पोटुशीला कशी द्यायची’ ही सासूबाईंची शंका मी मोडीत काढली नाही. अल्सर, ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्तस्रावाचा आजार किंवा दमा आहे का, हे डॉक्टरांनी विचारूनच गोळी लिहायची असते आणि छत्तिसाव्या आठवड्याला ती थांबवतात, एवढे सांगून त्यांना त्याच दुपारी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवले.

पुढे ती दर भेटीला एक शाळकरी वही आणत असे. पाच मिनिटे शांत बसून घेतलेला रक्तदाब तारीखवार, आणि शेजारी डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याची नोंद. अडतिसाव्या आठवड्यात वहीत सलग दोनदा १४४/९२ आले, तिला दाखल करून कळा सुरू केल्या आणि अडीच किलोची मुलगी झाली. ॲस्पिरिनमुळे हे लांबले का, असे तिने नंतर विचारले. एकट्या बाईच्या बाबतीत ते ठरवता येत नाही, असे मी सांगितले, आणि रक्तदाब बाळंतपणानंतरही वाढू शकतो म्हणून वही निदान सहा आठवडे बंद करू नका, असेही.