साडेसहा लाखांची क्रूझ आणि वीस महिन्यांचं बाळ

मुलुंडहून एका ताईंनी लिहिलंय. दोघं नोकरी करतात, घरात मिळून महिन्याला २ लाख १५ हजार येतात. घराचा हप्ता ६२ हजार, तो धरून खर्च दीड लाखाच्या थोडा वर, एसआयपी २५ हजारांची. मोठा मुलगा पाच वर्षांचा, धाकटी वीस महिन्यांची, सोबत सासूबाई. नवऱ्याला यंदा ५ लाख बोनस मिळालाय आणि दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून सात रात्रींची लक्झरी क्रूझ करायची आहे. एजंटचं कोटेशन ६ लाख ४० हजारांचं, विमान धरून. कमी पडतील ते एफडीतून काढायचे की एजंट म्हणतो तसं २४ महिन्यांच्या हप्त्यांवर जायचं, असा त्यांचा प्रश्न.

ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महागडी वाटलेली ओळ क्रूझबद्दलची नाही. शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की सासूबाईंचा मेडिक्लेम रिन्यू करायचा राहिला, तारीख उलटून बारा दिवस झाले. हे आधी करा. आजच. वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांचा ग्रेस पीरियड, म्हणजे तारखेनंतरची सवलतीची मुदत असते. त्यात प्रीमियम भरला तर जुनी सलगता टिकते, फक्त मधल्या दिवसांत काही झालं तर क्लेम मिळत नाही. महिना उलटला की डायबेटिस असलेल्या ६८ वर्षांच्या बाईंसाठी नवी पॉलिसी शोधायची, ती मिळालीच तर जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड (त्या काळात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षांपर्यंत. तुम्ही प्रीमियम ३८ हजार लिहिलाय, तो गेल्या वर्षीचा असेल तर त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असणार. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेव्हा नवा आकडा एकदा बघून घ्या. बोनसमधला पहिला खर्च हा.

आता जहाज. कोटेशनमध्ये धाकटीचं विमानाचं तिकीट इन्फंटचं धरलंय. दिवाळीत ती दोन वर्षांची झालेली असेल आणि तेव्हा मांडीवर बसवून नेता येणार नाही, पूर्ण सीट घ्यावी लागेल. एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. शिवाय टिप्स. परदेशी जहाजांवर त्या ऐच्छिक म्हणतात, पण रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर आपोआप चढतात, आणि मुलांचीही डोकी बहुतेक कंपन्या मोजतात. तुम्ही दोघं आणि मुलं मिळून चार जणं, सात दिवस, १८ डॉलर आणि डॉलर नव्वद रुपये धरला तर ४५ हजार झाले. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून सिंगापूरला आदल्या दिवशी पोचून हॉटेलात राहावं लागतं. ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच, जहाजावरचा डॉक्टर खाजगी दराने बिल लावतो. वायफाय, व्हिसा, परदेशात कार्ड वापरल्यावर बँक लावते तो फॉरेक्स मार्कअप. साडेसात लाखांच्या आत तुम्ही घरी परत येत नाही. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटने आगाऊ घेतलेला आयकरही कापला जाईल, पण २०२६ च्या बजेटनंतर तो सरसकट २ टक्के आहे आणि रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, त्याची फिकीर नको.

पण आकडे बसले असते तरी मी यंदा नकोच म्हटलं असतं, त्याचं कारण धाकटी. लक्झरी क्रूझमध्ये तुम्ही ज्याचे पैसे मोजता ते मोठ्या माणसांचं सुख आहे: शांतता, रात्री उशिरापर्यंत चालणारं जेवण, वाइन, स्पा. वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस तर १८ वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. सिल्व्हरसी, रीजंट यांच्या भाड्यात दारू आणि टिप्स आधीच धरलेल्या असतात, म्हणजे न प्यायलेल्या शॅम्पेनचे पैसे तुम्ही देणार. मोठ्या फॅमिली जहाजांवर किड्स क्लब असतो, पण बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, अशी अट असते. डायपरमधल्या मुलांना मुख्य पूलमध्येही सोडत नाहीत. डिस्नेच्या जहाजांवर तीन वर्षांखालच्यांसाठी पाळणाघर आहे, त्याचे तासाला वेगळे पैसे. म्हणजे दुपारी एक ते चार धाकटी झोपणार आणि तुमच्यापैकी एकजण केबिनमध्ये पडदे ओढून कुजबुजत बसणार, सातही दिवस. म्हणूनच या वयात पैसे घालायचेच तर ते बाल्कनीत घालावेत. बाळ आत, तुम्ही बाहेर खुर्ची टाकून समुद्र बघताय, एवढं सुख मिळतं. (धाकटी जागी असताना बाल्कनीचं दार कडी लावूनच.)

यंदाच्या दिवाळीत मुंबईहूनच दोन रात्रींची गोवा क्रूझ करा. बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलपर्यंत सीएसएमटीहून टॅक्सीने पोचता, पासपोर्ट नको, विमान नको, सासूबाईही येऊ शकतात. ही क्रूझ चालवणाऱ्या कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस १९९० चं जहाज आहे, नवं कोरं नव्हे, आणि बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच, तेव्हा लवकर बुक करा. सगळे कर आणि पोर्ट चार्जेस धरून एक लाखाच्या आत बसत नसेल तर आतली खोली घ्या. मुलांना समुद्र लागतो की नाही हे सात रात्रींआधी दोन रात्रींत कळलेलं बरं. मोठ्याला उलट्या झाल्या तर सिंगापूरचा विचार आपोआपच पुढे ढकलाल.

हप्त्यांचं म्हणाल तर नाही. सहा लाख १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता २८,८०० च्या आसपास, व्याज ९१ हजार. घराच्या हप्त्यावर हा दुसरा हप्ता चढला की महिन्याची शिल्लक जवळजवळ संपते, आणि मध्येच एखादा मोठा खर्च आला की एसआयपीवरच कुऱ्हाड येणार. एफडीलाही हात लावू नका. ती साडेचार लाखांची आहे, म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा खर्च, आणि घरात दोन लहान मुलं नि एक वृद्ध. बोनसमधून ३८ हजार प्रीमियमला, ३ लाख एफडीत घाला. गोव्याला लाखभर. उरतात ६२ हजार.

ते बाजूला ठेवून बँकेत दरमहा २५ हजारांची आरडी (आवर्ती ठेव) सुरू करा, तुमच्या शिल्लक ३५ हजारांत ती बसते. दीड वर्षात ते ६२ हजार आणि व्याज धरून पाच लाखांच्या वर जमतील. तेव्हा धाकटी तीन ओलांडून क्लबमध्ये जायच्या वयाची होईल, मोठा साडेसहाचा. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत चार-पाच रात्रींची फॅमिली जहाजावरची बाल्कनी केबिन घ्या, महागडा स्वीट नको. धाकटीचा पासपोर्ट मात्र आत्ता काढायची घाई करू नका. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षंच चालतो, निघायच्या पाच-सहा महिने आधी काढला की पुरे.