घरचा संगणक फार स्लो झालाय, सारख्या जाहिराती उघडतात. फॉरमॅट न मारता स्पायवेअर काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं: सात-आठ वर्षांचा विंडोज 10 चा पीसी. चालू व्हायला दहा मिनिटं लागतात. कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात 5 व्हायरस सापडले’ असा इशारा येतो आणि क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान समोर येतं. मुलगा त्यावर गेम उतरवतो, वडील त्यावरच नेट बँकिंग करतात. दुकानदार फॉरमॅट मारून देतो म्हणतोय आणि तुम्हाला फोटो जायची भीती आहे.

फॉरमॅटशिवाय जमेल का, हे संगणकात नेमकं काय शिरलंय यावर आहे आणि ते घरीच तपासता येतं. पण त्याआधी एक काम आजच करा. हे मशीन साफ होईपर्यंत वडिलांना त्यावर बँक उघडू देऊ नका. फुकटच्या गेमबरोबर हल्ली जे येतं त्यात पासवर्ड चोरणारे प्रोग्राम बरेच असतात. 2020 पासून फिरणारा रेडलाइन हा त्यातलाच एक. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तो काही क्षणांत उचलून पाठवतो, आणि त्याबरोबर कुकीजही, म्हणजे तुमचं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या ब्राउझरमधल्या छोट्या नोंदी. कुकी गेली की चोराला तुमच्या ईमेलमध्ये शिरायला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी, कारण समोरच्या साइटला तो आधीच लॉगिन झालेला दिसतो. संगणक मागाहून कितीही स्वच्छ केला तरी गेलेला पासवर्ड गेलेलाच असतो. म्हणून मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग बँकेचा, मग बाकीचे. गूगल खात्याच्या सिक्युरिटी विभागात सगळ्या उपकरणांची यादी दिसते, तिथून हा पीसी साइन आउट करा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर दुसरं काही करत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आता कोपऱ्यातला तो इशारा. बहुतेक वेळा हा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं असतं, घरातलं कुणीतरी ते दाबतं आणि त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळते. मग ती साइट एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह लावून रोज घाबरवत राहते. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा. परवानगी असलेल्या साइटींच्या यादीत जी नावं ओळखीची नाहीत ती काढून टाका. खूप घरांत अर्धी कटकट एवढ्यानेच थांबते. भोंगा वाजवत पूर्ण पडदा व्यापणारं आणि ‘या नंबरवर फोन करा’ सांगणारं पान आलं, तर एस्केप दाबून धरा आणि ब्राउझर बंद करा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. तो नंबर कुणी लावला असेल आणि पलीकडच्याने एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर (दुरून तुमचा संगणक चालवू देणारे प्रोग्राम) टाकायला लावलं असेल, तर घरच्यांना प्रेमाने विचारून घ्या. लाजेपोटी वडीलधारी माणसं हे सांगत नाहीत, आणि तेच कळणं सगळ्यात महत्त्वाचं असतं.

सर्चचं पान बदलतंय, म्हणजे बहुधा एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे क्रोमला जोडलेला छोटा प्रोग्राम, बसलंय. पीडीएफ बदलून देणारी, कूपन शोधणारी, व्हिडिओ उतरवणारी अशी जी तुम्ही स्वतःहून टाकलेली नाहीत ती सगळी काढा. काढायचं बटणच दिसत नसेल, किंवा क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसत असेल, तर लक्ष द्या. घरच्या संगणकावर कसली ऑर्गनायझेशन? कधीकधी एखाद्या अँटिव्हायरसमुळेही ते येतं. पण सर्च बदललेलं असताना ते दिसलं, तर कुठल्यातरी प्रोग्रामने ऑफिसच्या संगणकांसाठी असलेले नियम तुमच्या क्रोमवर लादलेत असं धरून चाला. अशा वेळी अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवा. मालवेअरबाइट्स या कंपनीचं हे छोटं फुकट साधन नेमकं याच कचऱ्यासाठी आहे. त्यानंतर क्रोमचं रिसेट सेटिंग्ज करा, त्यात बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत.

मग कंट्रोल पॅनेलमधली प्रोग्रामची यादी उघडून ती तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास काय काय आलं ते एका नजरेत दिसेल. ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर, रजिस्ट्री ऑप्टिमायझर अशा नावाची प्रत्येक गोष्ट माझ्या मते काढण्याच्याच लायकीची आहे. संगणक वेगवान करण्यासाठी यांतल्या कशाचीही गरज नसते. सीक्लीनरसारख्या बऱ्या नावाच्या प्रोग्रामच्या अधिकृत आवृत्तीतच 2017 साली चोरांनी मालवेअर (घातक प्रोग्राम) घुसवलं होतं आणि ते वीस लाखांहून जास्त संगणकांवर पोचलं होतं.

मुलाला या वेळी ओरडू नका. काय उतरवलं, कुठून, फाइल कशी उघडली, हे त्याच्याकडून शांतपणे काढून घ्या. ‘झिप फाइलला पासवर्ड होता आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं’ असं तो म्हणाला, तर तुमचं निदान तिथेच झालं. पासवर्ड अशासाठी असतो की अँटिव्हायरसला आत पाहता येऊ नये.

स्कॅनिंगकडे वळण्यापूर्वी एक जागा तपासा, जी जवळजवळ कुणीच तपासत नाही. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज आणि तळाशी एक्सक्लूजन्स. इथे लिहिलेल्या फोल्डरकडे डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, ढुंकूनही बघत नाही. गेमचे क्रॅक (विकतचे गेम फुकट चालवण्याच्या फाइली) आणि लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारे, म्हणजे चोरट्या विंडोजचे अ‍ॅक्टिव्हेटर स्वतःचा फोल्डर इथे नोंदवून ठेवतात, काही तर अख्खा सी ड्राइव्हच. अशा मशीनवर तुम्ही आठवडाभर स्कॅन चालवलात तरी ‘धोका नाही’ असंच येणार. ती यादी रिकामी करा, विंडोज अपडेट करून घ्या आणि रात्री फुल स्कॅन लावून झोपा. सकाळी त्याच पानावरून मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन करा. यात संगणक रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपून बसणारी मंडळी सापडतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात. दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती एकदा चालवा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर पुण्याच्या क्विक हीलची आणि ई-स्कॅनची मोफत साधनंही मिळतात. मात्र कायम पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच वेळी ठेवू नका. ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात आणि आधीच थकलेलं मशीन आणखी गुदमरतं.

आता वेग. हा भाग तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण स्पायवेअर गेल्यावरही तुमचा पीसी स्लोच राहण्याची दाट शक्यता आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि चालू झाल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत डिस्कचा रकाना बघा. तो सतत 100 टक्क्यांवर अडकला असेल आणि परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कपुढे एचडीडी लिहिलं असेल, तर खरा दोष त्या फिरत्या डिस्कचा आहे. विंडोज 10 अशा डिस्कवर रडतखडतच चालतं. 256 जीबीची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि रॅम 4 जीबी असेल तर 8 करा. जुन्या पीसीवर खर्च करायचा तर तो इथेच, आणि तुमचं ते दहा मिनिटांचं काम मिनिटाच्या आत येईल. टास्क मॅनेजरमध्ये ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ वर दिसलं तर दचकू नका, तो डिफेंडर आहे. पण मशीन नुसतं बसलेलं असताना एखादं अनोळखी नाव प्रोसेसर खात असेल, तर त्यावर राइट क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघा. अ‍ॅपडेटा किंवा टेम्प फोल्डरमधून चालणारा अनोळखी प्रोग्राम संशयितच समजा. त्याची फाइल व्हायरसटोटलच्या साइटवर टाकली की डझनावारी अँटिव्हायरस एकदम तपासून सांगतात. फक्त घरची कागदपत्रं तिथे टाकू नका.

फॉरमॅट कधी मारायचाच? डिफेंडर चालूच होत नसेल, काढलेली एक्सक्लूजन्स परत उगवत असतील, पैसे गेले असतील, किंवा मुलाने ती पासवर्डवाली फाइल चालवली असेल, तर साफसफाईच्या नादी लागू नका. सगळं पुसून नवं विंडोज टाका. ज्या संगणकावर बँक चालते तिथे ‘बहुतेक गेलं असावं’ एवढ्यावर भागत नाही.

आणि इथेच मला तुमच्या दुकानदाराबद्दल काळजी वाटते. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पुष्कळ दुकानांत फॉरमॅट म्हणजे पेनड्राइव्हवरचं कुठलंतरी विंडोज टाकायचं, अ‍ॅक्टिव्हेटर चालवायचा, तो अडू नये म्हणून डिफेंडर बंद करायचा आणि वर चोरटं ऑफिस बसवायचं. म्हणजे घाण काढायला नेलेल्या मशीनचा दरवाजा तुम्ही पैसे देऊन उघडा करून आणता. तुमच्या मशीनवर हे आधीच झालंय का ते सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर बघा. ‘डिजिटल लायसन्स’ लिहिलं असेल तर छान. ‘युवर ऑर्गनायझेशन्स अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ असं लिहिलं असेल, तर घरच्या पीसीवर ते अ‍ॅक्टिव्हेटरचं काम असतं.

पीसी विंडोजसकट घेतला असेल तर नवीन चावी लागत नाही, लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं आणि नेट मिळालं की ते आपोआप लागू होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर 8 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज तयार करा. त्याआधी फोटो, व्हिडिओ, पीडीएफ, एक्सेल आणि टॅली असेल तर तिचा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर काढून घ्या. प्रोग्राम आणि सेटअप फाइली घेऊ नका. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ वर खूण करा, म्हणजे फोटोचं नाव लावून शेवटी ‘ईएक्सई’ असलेली, म्हणजे खरं तर प्रोग्राम असलेली, फाइल लगेच ओळखू येते. फोटो नीट उघडतात का ते दुसऱ्या संगणकावर पाहिल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नका. त्याहून बरं म्हणजे एसएसडी नवी घेणारच असाल तर विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी डिस्क महिनाभर तशीच कपाटात ठेवा. फोटोंची भीतीच उरणार नाही.

विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. घरच्या संगणकाची नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतचे सुरक्षा अपडेट मिळतात. तेव्हा नवीनच टाकताय तर मशीन विंडोज 11 च्या निकषात बसतं का बघा. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बसत नसेल आणि घरात फक्त ब्राउझर, बँक आणि पत्रं टाइप करणं एवढंच चालत असेल, तर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम हा उत्तम आणि फुकट पर्याय आहे.

नवीन मशीनवर मुलाला आणि वडिलांना वेगवेगळी खाती द्या, दोन्ही स्टँडर्ड. अ‍ॅडमिनचं तिसरं खातं तुमच्याकडे. मुलाला काही बसवायचं असेल तर पासवर्डसाठी तो तुमच्याकडे येईल आणि त्या दोन मिनिटांत ते काय आहे हे तुम्हाला कळेल. मराठी टायपिंगसाठी कुठल्याही साइटवरून सॉफ्टवेअर उतरवू नका. 2019 पासून विंडोजमध्येच मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषा जोडली की तो मिळतो.

आणि पेनड्राइव्ह. अ‍ॅडमिशनचे फॉर्म, सातबारा, हॉल तिकीट छापायला तो झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि परत येताना शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो. सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसले तर त्यावर क्लिक करू नका, त्या क्लिकनेच तो तुमच्या संगणकात येतो. फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फाइली दाखवायला सांगा, आपल्या फाइली काढून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. पुढच्या वेळी पीडीएफ दुकानदाराला ईमेल करा, पेनड्राइव्ह घरीच राहू दे.

एक्सक्लूजन्समध्ये काय सापडलं, डिस्क एचडीडी आहे की एसएसडी आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर काय लिहिलंय, एवढं मला कळवा. फॉरमॅट लागेल की नाही ते त्यावरून सांगता येईल.