आधी जंत सांभाळायला शीक

पुणे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कृमींविरुद्धच्या प्रतिकारशक्तीवर पीएचडी करायचं तू पक्कं केलंस, याचा फार आनंद झाला. सोबत शिकायच्या तंत्रांची यादीही पाठवलीस: फ्लो सायटोमेट्री (पेशी रंगवून एकेक मोजणं), आरएनए सीक्वेन्सिंग (कोणती जनुकं चालू आहेत ते वाचणं), मायक्रोस्कोपी. यादी चांगली आहे, पण तिच्यात जंत कुठेच नाही. म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहिते.

विषाणू पेशीत शिरतो, जिवाणूला पेशी गिळते. जंत गिळण्याजोगा नसतो. आतड्यातल्या जंताला शरीर बहुतेक वेळा मारत नाही, बाहेर ढकलतं. २०१६ साली तीन गटांनी दाखवलेला क्रम तुला पाठ असेलच: आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट नावाच्या पहारेकरी पेशींना जंताची चाहूल लागते, त्या आयएल-२५ हा निरोप्या रेणू सोडतात, त्याने आयएलसी-२ या प्रतिकारपेशी जाग्या होऊन आयएल-१३ हा दुसरा निरोप सोडतात, आणि मग अस्तरात टफ्ट व म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशी वाढून म्युकसचा (चिकट स्रावाचा) लोंढा सुटतो. वाचायला सोपं आहे. पण हे चक्र किती जोरात फिरेल, ते जंत कोणता, किती आणि कोणत्या प्राण्यात यावर ठरतं. ट्रायक्युरिस म्युरिस या माऊसच्या आतड्यातल्या जंताचंच बघ. सी५७ब्लॅक/६ या प्रयोगशाळेतल्या जातीच्या माऊसला साधारण २०० अंडी एकदम पाजली, तर टाइप-२ प्रतिसाद (वरचाच, जंत हुसकणारा) येऊन तीनेक आठवड्यांत जंत बाहेर पडतात. त्याच माऊसला २० अंडी दिली, तर प्रतिसाद टाइप-१ कडे (जिवाणू-विषाणूंशी लढण्याच्या पद्धतीकडे) झुकतो आणि जंत मुक्काम ठोकतात. म्हणजे मोजणीत चूक झाली की निष्कर्षच उलटा.

सुरुवात निप्पोस्ट्रॉन्गिलस ब्राझिलिएन्सिस या रॅटच्या आतड्यातल्या जंतापासून कर. त्वचेखाली ५०० अळ्या टोचल्या की एक-दोन दिवसांत त्या फुप्फुसात पोचतात, खोकून गिळल्या जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतड्यात येतात, सहाव्या दिवसाच्या सुमारास लेंड्यांत अंडी दिसतात आणि नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत माऊस मोकळा होतो. जंताचं जीवनचक्र चालू ठेवायला रॅट वापरतात. त्यांच्या लेंड्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या, कोळशाच्या भुकटीत मिसळायच्या, पेट्री डिशमध्ये ओल्या फिल्टर पेपरवर पातळ थापायच्या आणि २६ अंशांवर आठवडाभर ठेवायच्या. मिश्रण हातात दाबलं तर मुटका व्हावा, पण पाणी गळू नये. जास्त ओलं झालं तर अळ्या गुदमरतात आणि बुरशी चढते, कोरडं पडलं तर सगळंच संपलं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये डिश दोन दिवसांत सुकते, म्हणून ती ओल्या टिश्यूसह झाकणाच्या डब्यात ठेव आणि एक दिवसाआड उघडून बघ. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा तुझा इन्क्युबेटर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घे. बहुतेक ठिकाणी फ्रीजर त्या लाइनवर असतो आणि इन्क्युबेटर साध्या प्लगवर.

अळ्या गोळा करायला बेअरमानचं नरसाळं. खाली रबरी नळी आणि चिमटा, वर मलमलीत बांधलेलं मिश्रण, आत ३७ अंशांचं पाणी. उबेकडे सरकत अळ्या कापडातून बाहेर येतात आणि तळाशी बसतात. दोन तासांनी चिमटा सैल करून पहिले काही मिलिलीटर काढले, की नळीत पांढुरका ढग दिसतो. हा ढग वळवळत असला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्या अळ्या सरळ काडीसारख्या पडल्या असतील, तर तो साठा टोचू नकोस. बरेच दिवस ठेवलेल्या अळ्या जिवंत दिसूनही संसर्ग करत नाहीत.

आता जिथे नवीन माणसाचा प्रयोग सगळ्यात जास्त फसतो, ती जागा. मात्रा ५०० अळ्या २०० मायक्रोलीटरमध्ये, म्हणजे मिलिलीटरला २,५००. हिशेब बरोबर असतो, पण अळ्या जड असतात. सिरिंज हातात धरून तू पुढचा पिंजरा उघडेपर्यंत त्या खाली बसलेल्या असतात. मग पहिल्या माऊसला ८०० जातात आणि पाचव्याला २००, आणि दोन महिन्यांनी आपण आलेखातल्या विखुरलेल्या ठिपक्यांना ‘जैविक फरक’ म्हणत बसतो. प्रत्येक माऊससाठी नळी उलटीपालटी करून नव्याने भर. सुई २३ गेजपेक्षा बारीक नको. पिपेटच्या टिपचं टोक कापून रुंद कर, नाहीतर अळ्या तिथेच अडकतात. मोजणीसाठी १० मायक्रोलीटरचे किमान पाच थेंब घे. आणि गटांचा क्रम मिसळ: आधी सगळे नॉकआउट (एखादं जनुक बंद केलेले माऊस) आणि मग सगळे साधे, असं कधीच नको.

शेवटच्या दिवशी जंत मोजताना छोटं आतडं उभं चिरून मलमलीच्या पिशवीत, ३७ अंशांच्या मिठाच्या द्रावणात दोन-तीन तास लटकव. जंत खाली पडतात. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. हे काम मैत्रिणीकडून करून घे आणि तिचं तू कर.

प्राणिगृहाचंही तसंच. माऊसमध्ये आधीच पिनवर्म (बारीक सुतासारखे जंत) असतील तर तुझा ‘निरोगी’ गट निरोगी नाहीच. त्यातल्या सिफेशिया या जातीची अंडी गुदद्वाराला पारदर्शक चिकटपट्टी लावून सापडतात. ॲस्पिक्युलुरिस या दुसऱ्या जातीची तशी सापडत नाहीत, त्यासाठी लेंड्या तपासाव्या लागतात. ट्रायट्रायकोमोनास हा एकपेशीय पाहुणा तर टफ्ट पेशी आपणहून वाढवतो. तो आहे की नाही हे पीसीआरने (डीएनए तपासणीने) बघ, प्रयोग सुरू करण्याआधीच. दोन गट वेगवेगळ्या खोल्यांतून आणले असतील तर फरक जनुकाचा की खोलीचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. एकाच पिंजऱ्यातली भावंडं वापर.

पेशींकडे आलो, तर संसर्ग झालेल्या आतड्यातून जिवंत पेशी काढणं हे या क्षेत्रातलं खरं कष्टाचं काम. सातव्या दिवशी म्युकस इतका असतो की सगळं शेंबडासारखं चिकटतं आणि निम्म्याहून जास्त पेशी मरतात. चरबी आणि पेयर्स पॅचेस (आतड्याच्या भिंतीतल्या लसिकापेशींच्या गाठी) नीट काढ, अस्तर सुटं करणाऱ्या ईडीटीएची धुणी वाढव, ऊतक विरघळवणाऱ्या कोलॅजिनेजची वेळ स्वतः १०-१० मिनिटांनी तपासून ठरव. मृत पेशींचा रंग फिक्स करण्याआधी लाव. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी स्वतःच चमकतात, म्हणून एफएमओ नियंत्रणांशिवाय (एक रंग वगळून केलेल्या नमुन्यांशिवाय) गेट, म्हणजे पेशी निवडायची चौकट, आखू नकोस. रक्तद्रवात आयएल-४ हा टाइप-२चा निरोप्या रेणू शोधत वेळ घालवू नकोस, पेशी ते सुटताक्षणी वापरून टाकतात. त्याऐवजी मेसेंटेरिक (आतड्याजवळच्या) लसिकाग्रंथीच्या पेशींना अँटी-सीडी३ ही टी-पेशी जाग्या करणारी अँटिबॉडी देऊन ७२ तासांनी बघ. जंताचा स्राव अँटीजन (प्रतिकारपेशींना चेतवणारा पदार्थ) म्हणून वापरणार असशील तर पहिल्या २४ तासांचं द्रव टाकून दे. आतड्यातून आलेल्या जंतासोबत एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष येतं आणि तुझ्या टाइप-२ प्रतिसादाची वाट लावतं.

माणसांवरचं काम करायचं मनात असेल तर आपल्या राज्यात विषयाला तोटा नाही. नारू गेला, २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पण पूर्व विदर्भात हत्तीरोग अजून आहे, आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिम्वीला १९५२ साली नोंदलेला शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जंताचा पट्टा प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांनी जवळजवळ विसरलाच आहे. गावात गेलीस तर विष्ठेतली अंडी मोजायच्या कॅटो-कॅट्झ पद्धतीच्या साच्यात ४१.७ मिलिग्रॅम विष्ठा बसते, म्हणून एका ग्रॅममधली अंडी काढायला २४ ने गुणायचं, हे सगळे सांगतील. हुकवर्म या आतड्यातल्या जंताची अंडी ग्लिसरीनमध्ये विरघळल्यासारखी दिसेनाशी होतात, म्हणून काच तासाभराच्या आत वाचायची, हे मात्र निघताना विसरलं जातं. मुलांनी शाळेत अल्बेंडाझोलची जंतनाशक गोळी शेवटची कधी घेतली, हा प्रश्न फॉर्ममध्ये पहिल्या पानावर हवा.

वेळेबद्दल एवढंच. जेआरएफ-एसआरएफ या संशोधन शिष्यवृत्त्या मिळून पाच वर्षं असतात, आणि प्राणी नैतिकता समितीची मंजुरी, परदेशी अँटिबॉडी आणि नॉकआउटचं प्रजनन यांत पहिलं वर्ष सहज जातं. प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, म्हणजे फॉर्म-बी, पहिल्या महिन्यात भर आणि त्यात पायलट प्रयोगाचे माऊस आधीच माग, नंतर वाढवून मिळायला महिने लागतात. वाट बघण्याच्या त्या काळात रॅटमधलं चक्र तुझ्या हातात बसलं पाहिजे. गाइड निवडताना छापलेल्या पेपरांपेक्षा हे विचार: जंताचं चक्र इथे कोण सांभाळतं, आणि तो माणूस गेला तर कोण सांभाळेल? गणेशखिंड किंवा पाषाणच्या संस्थांत उत्तम इम्युनोलॉजी शिकता येईल, पण चालू जंतचक्र असेलच असं धरून चालू नकोस. नसेल तर ते उभं करायला एक वर्ष वेगळं धर आणि तसं प्रस्तावात लिही.

आणि कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल ठेवायच्या आधी एकदा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन ये. धनगरांच्या मेंढ्यांत हिमॉन्कस हा रक्त पिणारा जंत सापडतो. शवविच्छेदनाच्या दिवशी चौथं पोट उघडलं की लाल-पांढऱ्या पिळाच्या दोनेक सेंटिमीटरच्या माद्या अस्तराला चिकटून हलताना दिसतात. एकेक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलीटर रक्त पितो. हजार जंतांचा हिशेब तिथेच मेंढीच्या पांढऱ्याफटक पापण्या बघत कर. भिंग, वही आणि ७० टक्के अल्कोहोलची छोटी बाटली सोबत घे. कोणत्या दिवशी जातेस ते कळव, तिथल्या परजीवीशास्त्र विभागात आधी विचारून ठेवते.

तुझी,
मॅडम