एचएमटी तांदूळ कोणाचा?

प्रश्न : आमच्या घरी वर्षानुवर्षे एचएमटी तांदूळ येतो. हा वाण चंद्रपूर जिल्ह्यातील दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने शोधल्याचे नुकतेच वाचनात आले. इतक्या खपाच्या वाणातून त्यांच्या पदरी काहीच कसे पडले नाही? त्यांनी वेळीच पेटंट घेतले असते, तर ही वेळ टळली असती का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पेटंटाचा मुद्दा आधी निकालात काढू. ते त्यांना मिळालेच नसते. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्याने शेतीच्या पद्धती पेटंटाबाहेर ठेवल्या आणि पुढे दुरुस्ती करून वनस्पती, बियाणे व वाण यांनाही स्पष्ट शब्दांत वगळले. या तरतुदीमागे शेतकऱ्याचे हित पाहण्याचा विचार होता, हे मान्य करायला हवे. मात्र नवा वाण काढणारा स्वतःच शेतकरी असेल तर त्याच्यासाठी काय, याचे उत्तर तेव्हाच्या कायद्यात नव्हते.

नागभीड तालुक्यातील नांदेड हे दादाजींचे गाव. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीडेक एकर. १९८३च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंबा इतरांहून वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, रानडुकरांपासून वाचवण्यासाठी भोवती काटेरी फांद्या रचल्या आणि वर्षामागून वर्षे निवड करत बारीक, चवदार व अधिक उतारा देणारे धान हाती आणले. याला कोणी नशिबाची गोष्ट म्हणते तेव्हा मला राग येतो, कारण वाण संशोधनातील निवड पद्धत म्हणजे हेच काम. फरक एवढाच की संशोधन केंद्रात त्याची नोंदवही असते आणि बांधावर नसते. (पटेल-३ हा वाणही जबलपूरच्या कृषी विद्यापीठातून आलेला होता. दादाजींचे काम त्या आधीच्या कामावर उभे होते, हेही सांगितलेच पाहिजे.)

बियाणे त्यांनी मागेल त्याला दिले. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, ती रीतच आहे. पीक बाजारात आले तेव्हा त्याला नाव नव्हते, म्हणून व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळाचे नाव त्याला दिले. माझ्या मते दादाजींचा हक्क निसटायला सुरुवात झाली ती याच ठिकाणी, कारण पोत्यावरच्या नावात ना त्यांचे गाव उरले, ना ते स्वतः. पुढे सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि १९९८मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. मूळ बियाण्यात भेसळ होती व आम्ही ते शुद्ध केले, अशी विद्यापीठाची बाजू होती. शुद्धीकरणालाही कष्ट लागतात, हे खरेच. पण त्या कष्टाला अधिकृत वाणाचे नाव मिळाले, तर दादाजींच्या अनेक वर्षांच्या निवडीला केवळ ‘मूळ सामग्री’ समजले गेले. यानंतर बियाण्याची पिशवी विकणारा, गिरणीवाला आणि किराणा दुकानदार यांना त्यात नफा राहिला, आणि तो त्यांच्या व्यवसायाचा रास्त भागही आहे. दादाजींचा वाटा मात्र कोणत्याही टप्प्यावर धरलेला नव्हता.

सन्मान मिळाले. २००५मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, त्यानंतर राज्य शासनाचाही. आपल्याकडे संशोधक गरीब असला की त्याच्याविषयीचा आदर वाढतो, आणि त्याने पैसे मागितले की तोच आदर आटतो. हिश्शाचा प्रश्न शाल-श्रीफळावर मिटवला जातो तो त्यामुळेच. ३ जून २०१८ रोजी दीर्घ आजारानंतर दादाजींचे निधन झाले तोवर त्यांच्या हलाखीच्या बातम्या अनेकदा छापून आल्या होत्या.

आज कायदा काहीसा बदलला आहे. २००१च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, आणि त्या वाणापासून कोणी नवा नोंदणीकृत वाण काढला तर लाभात वाटा मागता येतो. पण मागणारा कागदपत्रे घेऊन पुढे आला तरच हे घडते. म्हणून तुमच्या परिचयात कोणी असे काम करत असेल, तर लागवडीची तारीख, छायाचित्रे आणि बियाणे कोणाला किती दिले याची नोंद ठेवायला त्यांना आजच सांगा.

दादाजींनी स्वतः पुढे काढलेल्या वाणांची नावे मात्र व्यापाऱ्यावर सोडली नाहीत. त्यांपैकी एक ‘नांदेड हिरा’. दुसरा ‘डीआरके’, म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे.